तापलेल्या पाण्यातील प्राणवायू

चुलीवर आधण ठेवले की पाणी उकळू लागण्याच्या पुष्कळ आधी भांड्याच्या तळाशी आणि कडेला मोहरीएवढे बुडबुडे चिकटलेले दिसतात. हे बुडबुडे वाफेचे नव्हेत. थंड पाण्यात विरघळून राहिलेली हवा उष्णतेने बाहेर पडू लागते, तिचे हे दृश्य रूप होय. स्वयंपाकघरात ह्या हवेची दखल घेण्याचे कोणाला कारण पडत नाही. नदीतले व तळ्यातले मासे तर ह्याच विरघळलेल्या हवेतील प्राणवायूवर जगतात. परंतु तेच पाणी कारखान्याच्या बॉयलरमध्ये शिरले म्हणजे माशांना जगविणारा हा प्राणवायू पोलादाचा वैरी होतो. आणि त्याचे प्रमाण किती आहे हे वेळीच ओळखणे हा कारखान्याच्या सुरक्षिततेचा व तेथे काम करणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न ठरतो.

बॉयलरच्या नळ्या पोलादाच्या असतात. प्राणवायूविरहित आणि किंचित अल्कधर्मी अशा गरम पाण्यात पोलादाच्या पृष्ठभागावर लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा, म्हणजे मॅग्नेटाइटचा, एक पातळ व घट्ट थर बसतो. हा थर चिलखतासारखे काम करतो व आतले पोलाद सुरक्षित राहते. पाण्यात प्राणवायू असला म्हणजे हे चिलखत जागोजागी फाटते. गंज सर्वत्र सारखा चढला असता तर नुकसान संथपणे झाले असते. पण तसे होत नाही. एखाद्या ठिकाणी तांबूस तपकिरी फोड उठतो, तो खरवडला तर आत काळी भुकटी निघते, आणि तिच्याखाली पोलादात खोल गेलेला खड्डा सापडतो. बाकीची नळी शाबूत आणि तेवढ्याच एका बिंदूशी आरपार भोक, असा प्रकार घडतो. पाणी बॉयलरच्या मुख्य भागात शिरण्यापूर्वी ज्या इकॉनॉमायझरमधून तापत जाते, त्याच्या नळ्यांना हा उपद्रव बहुधा सर्वांत आधी जाणवतो. कारण प्राणवायूची पहिली गाठ त्यांच्याशीच पडते.

हे नुकसान किती मोठे असू शकते, ह्याची कल्पना एका साध्या हिशोबाने येईल. तासाला दहा टन वाफ देणारा एक बॉयलर घेतला आणि त्याच्या पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅम प्राणवायू आहे असे धरले, तर दर तासाला ३० ग्रॅम प्राणवायू आत जातो. दिवसाला तो ७२० ग्रॅम होतो. एक ग्रॅम प्राणवायू सुमारे २.३ ग्रॅम लोखंडाचा गंज करू शकतो. म्हणजे सगळा प्राणवायू लोखंडावरच खर्च झाला, तर दिवसाला सुमारे पावणेदोन किलो आणि तीनशे दिवसांत जवळजवळ पाचशे किलो लोखंड गंजून जाईल. प्रत्यक्षात सर्वच प्राणवायू लोखंडाला लागत नाही. काही वाफेबरोबर निघून जातो. तथापि काही मिलिमीटर जाडीच्या नळीला भोक पाडण्यास काही ग्रॅम लोखंडाचा नाशसुद्धा पुरेसा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे लिटरमागे तीन मिलिग्रॅम ही क्षुल्लक वाटणारी संख्या क्षुल्लक उरत नाही.

आता हा प्राणवायू ओळखावयाचा कसा? तो डोळ्यांना दिसत नाही. त्याला वास नाही, चव नाही. पुष्कळ बॉयलरघरांत अंदाजाचे पहिले साधन म्हणजे पाण्याच्या टाकीवरील उष्णतामापक. पाणी जितके गरम, तितका प्राणवायू कमी, हा तेथील अनुभवसिद्ध ठोकताळा. तो खरा आहे, पण अर्धाच खरा आहे. आणि त्याचा उरलेला अर्धा भाग ठाऊक नसल्यामुळे चुका होतात.

ह्या विषयाचा पाया एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील मँचेस्टर शहरात घातला गेला. वायूंच्या मिश्रणात प्रत्येक वायू आपापला स्वतंत्र दाब देतो व एकूण दाब ही त्या सर्वांची बेरीज असते, हे जॉन डाल्टन ह्याने १८०१ च्या सुमारास मांडले. त्याचाच मित्र विल्यम हेन्री ह्याने १८०३ साली दाखवून दिले की, ठरावीक तापमानाला पाण्यात विरघळणारा वायू हा पाण्यावर असलेल्या त्याच वायूच्या दाबाच्या प्रमाणात असतो. दाब दुप्पट झाला तर विरघळलेला वायू दुप्पट. दाब निम्मा झाला तर तोही निम्मा. ही दोन सूत्रे एकत्र जोडली की उघड्या टाकीतील पाण्यात प्राणवायू किती असेल, ह्याचा अंदाज कागदावर बांधता येतो.

समुद्रसपाटीवर हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो. पाण्याच्या पृष्ठभागावर मात्र केवळ हवा नसते. पाण्याची वाफही असते, आणि तिला स्वतःचा दाब असतो. हा बाष्पदाब ३० अंश सेल्सियसला सुमारे ३२ मिलिमीटर, ८० अंशांना ३५५, ९० अंशांना ५२६ आणि १०० अंशांना पूर्ण ७६० मिलिमीटर होतो. एकूण दाबातून बाष्पदाब वजा केला की उरतो तो हवेचा वाटा, आणि त्याचे शेकडा २१ भाग प्राणवायूचे. ह्या रीतीने ३० अंशांना प्राणवायूचा दाब १५३ मिलिमीटर येतो, ८० अंशांना ८५, ९० अंशांना ४९ आणि १०० अंशांना शून्य. त्या त्या तापमानाला पाण्याची विरघळविण्याची शक्ती किती, हे प्रयोगांनी ठरलेले आहे. तिने गुणले असता उत्तर असे मिळते : ३० अंशांना लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम, ६० अंशांना ४.७, ८० अंशांना २.८, ९० अंशांना १.६, ९५ अंशांना ०.८५ आणि उकळबिंदूला शून्य.

ह्या आकड्यांत एक मर्म दडलेले आहे. ८० अंशांपासून १०० अंशांपर्यंत जाताना पाण्याची प्राणवायू विरघळविण्याची अंगभूत शक्ती फारशी बदलत नाही. ती शेकडा तीनचारच कमी होते. तरीही प्राणवायू २.८ मिलिग्रॅमवरून शून्यावर येतो. ह्याचा अर्थ असा की, ह्या टप्प्यात प्राणवायूला हाकलून देणारी गोष्ट उष्णता नसून पाण्यावर पसरलेली वाफ होय. वाफ पृष्ठभागावरची जागा व्यापते, हवेला तेथून बाजूस सारते, आणि वर प्राणवायूचा दाब उरला नाही म्हणून पाण्यातला प्राणवायू बाहेर पडतो. म्हणूनच बंद टाकीत हवा कोंडून ठेवली, तर पाणी शंभर अंशांहून अधिक तापले तरी ते प्राणवायू सोडणार नाही. उलट, शंभर अंशांच्या पुढे पाण्याची विरघळविण्याची शक्ती पुन्हा हळूहळू वाढू लागते. गरम पाण्यात प्राणवायू नसतो, हे विधान ज्या पाण्यावरील हवा निघून गेली आहे अशा गरम पाण्यापुरतेच खरे आहे.

हाच विचार स्थळाच्या उंचीलाही लागू पडतो. छापील कोष्टके बहुधा समुद्रसपाटीसाठी असतात. गोव्याच्या किनाऱ्यावरील कारखान्याला ती जशीच्या तशी चालतील. पण इंदूर व हैदराबाद ही शहरे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर आणि बेळगाव सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. बेळगावला हवेचा दाब साधारणतः ६९५ मिलिमीटर भरतो व पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळते. तेथे टाकीतील पाणी ९० अंशांना असेल, तर हिशोबाने प्राणवायू लिटरमागे सुमारे १.१५ मिलिग्रॅम येतो, तर किनाऱ्यावर तोच १.६ असतो. ९५ अंशांना हे अंतर आणखी ठळक होते : किनाऱ्यावर ०.८५ आणि बेळगावला त्याच्या निम्म्याहूनही कमी. बेळगाव भागातील साखर कारखान्यात उमेदवारी केलेला कामगार पुढे किनाऱ्यावरच्या कारखान्यात गेला आणि पूर्वीच्याच अंदाजाने औषध घालू लागला, तर ते निम्मेच पडेल. उष्णतामापकाचा आकडा तोच. त्याचा अर्थ मात्र गावागणिक निराळा.

येथवर जो हिशोब सांगितला, तो एका गृहीतावर उभा आहे. टाकीतील पाणी आणि वरची हवा ह्यांना एकमेकांशी समतोल साधण्यास पुरेसा वेळ मिळाला आहे, हे ते गृहीत. वास्तविक टाकीत असे क्वचितच घडते. बॉयलरच्या टाकीत दोन प्रकारचे पाणी येते : कारखान्यात काम करून निवलेल्या वाफेचे परत आलेले पाणी, ज्याला कंडेन्सेट म्हणतात, आणि तूट भरून काढण्यासाठी घेतलेले ताजे पाणी. तासाच्या दहा टनांपैकी आठ टन कंडेन्सेट ९० अंशांचे व दोन टन ताजे पाणी ३० अंशांचे असेल, तर मिश्रण ७८ अंशांना येईल. कोष्टकाप्रमाणे ७८ अंशांना प्राणवायू लिटरमागे ३ मिलिग्रॅम. परंतु निराळ्या रीतीने पाहिले, तर कंडेन्सेटमध्ये प्राणवायू जवळजवळ नाही असे धरून, ताज्या पाण्याच्या साडेसात मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा म्हणजे दीडच मिलिग्रॅम येतो. एकाच टाकीचे दोन अंदाज, आणि एक दुसऱ्याच्या दुप्पट. कंडेन्सेट पाण्याच्या पृष्ठभागाखाली शांतपणे सोडले असेल, तर सत्य दीडच्या जवळ असेल; ते उंचावरून हवेतून धबधब्यासारखे पडत असेल, तर तीनकडे झुकेल. आणि थंड पाण्याचा नळ पंपाच्या तोंडाजवळच उघडत असेल, तर न मिसळलेले, प्राणवायूने भरलेले पाणी मधूनमधून सरळ बॉयलरकडे जाईल. टाकीवरील उष्णतामापकाला त्याचा पत्ताही लागणार नाही. शहाणा माणूस अशा वेळी मोठा आकडा धरून चालतो आणि खऱ्या मोजणीने तो तपासून घेतो.

अंदाज हवा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर औषधाच्या मात्रेत आहे. उरलेला प्राणवायू नाहीसा करण्यासाठी पाण्यात सोडियम सल्फाइट घालतात. तो प्राणवायूशी संयोग पावून निरुपद्रवी सल्फेट बनतो. एक भाग प्राणवायूला शुद्ध सल्फाइटचे जवळजवळ आठ भाग लागतात, आणि सावधगिरी म्हणून बॉयलरच्या पाण्यात थोडा शिल्लक राहील इतका तो जास्त घालतात. वरील दहा टनांच्या बॉयलरला ३० अंशांचे ताजे पाणीच दिले, तर केवळ प्राणवायूसाठी दिवसाला सुमारे साडेचौदा किलो सल्फाइट लागेल. ७८ अंशांचे पाणी दिले, तर पावणेसहा किलो पुरेल. मात्रा कमी पडली तर नळ्यांना खड्डे पडतात. मात्रा फार झाली तर पाण्यातील विरघळलेले क्षार वाढतात, ते काढून टाकण्यासाठी बॉयलरचे तापलेले पाणी अधिक वेळा सोडून द्यावे लागते, आणि त्याबरोबर इंधनही वाया जाते. फार उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये सल्फाइट स्वतःच फुटून त्याचे उपद्रवी वायू होतात. म्हणून तेथे हायड्राझीनसारखी निराळी द्रव्ये वापरात आली. पण हायड्राझीन विषारी असून त्यापासून कर्करोग होण्याचा संभव असल्यामुळे त्याला पर्याय शोधले गेले.

मग पाणी उकळूनच का घेऊ नये? उघड्या टाकीत पाणी उकळीच्या अगदी जवळ ठेवले, तर पंपात शिरताना दाब किंचित उतरताच त्याची वाफ होते, पंप खडखडू लागतो व पाणी ओढीनासा होतो. टाकी पुरेशी उंचावर बसविली नसेल, तर हा त्रास ठरलेलाच. म्हणून साध्या टाक्यांतील पाणी ८५ ते ९० अंशांच्या आसपास ठेवण्याचा प्रघात पडला. ह्यापुढची मजल डीएरेटर नावाच्या पात्राने मारली जाते. त्यात पाण्याचे तुषार किंवा पातळ पडदे करून त्यांतून वाफ खेळवितात. पाणी त्या दाबाच्या उकळबिंदूपर्यंत तापते, आणि सुटलेली हवा वरच्या झडपेतून थोड्या वाफेसह बाहेर निघून जाते. चांगल्या स्थितीतील डीएरेटर प्राणवायू लिटरमागे सात सहस्रांश मिलिग्रॅमपर्यंत उतरवितो. तेवढ्या प्राणवायूला वरील बॉयलरमध्ये दिवसाला तेरा-चौदा ग्रॅम सल्फाइट पुरते. कोठे पावणेसहा किलो आणि कोठे मूठभरही नव्हे असे चौदा ग्रॅम!

तथापि यंत्र आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. वरच्या झडपेतून सतत निघणारी वाफेची शेपटी पाहून एखाद्या काटकसरी माणसाला ती उधळपट्टी वाटते आणि तो झडप बंद करतो. वाफ वाचते खरी. पण हवा आत कोंडली जाते. सुदैवाने हा दोष ओळखण्याची एक सोपी खूण आहे. समजा, समुद्रकाठच्या कारखान्यातील डीएरेटरचा दाबमापक वातावरणाहून एकपंचमांश अधिक दाब दाखवीत आहे. आत निव्वळ वाफ असेल, तर उष्णतामापकाने १०५ अंश दाखविलेच पाहिजेत. तो १००च दाखवीत असेल, तर वाफेचा दाब एका वातावरणाइतकाच आहे आणि वरचा एकपंचमांश दाब हवेचा आहे, हे उघड झाले. तेवढ्या हवेखाली पाण्यात लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, म्हणजे अपेक्षेच्या शंभरपटींहूनही अधिक. दोन साध्या मापकांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले, तर कोणत्याही रसायनावाचून हा धोका कळून येतो.

प्रत्यक्ष मोजणीची जुनी व विश्वसनीय रीत हंगेरीतील रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर ह्याने १८८८ साली दिली. बाटलीतील पाण्यात मँगनीजचा क्षार आणि आयोडाइडयुक्त अल्क घालतात. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. त्यावर आम्ल टाकले म्हणजे प्राणवायूच्या प्रमाणात आयोडीन सुटते, आणि ते हायपोच्या द्रावणाने मोजता येते. रीत सोपी, पण नमुना घेणे अवघड. गरम पाणी बाटलीत तसेच ओतले, तर वाटेतच प्राणवायू निसटतो. पाणी निवत असताना हवेला लागले, तर नवा प्राणवायू त्यात शिरतो. म्हणून नमुन्याचे पाणी बंद नळीच्या वेटोळ्यातून थंड करून आणावे लागते, नळी बाटलीच्या तळापर्यंत न्यावी लागते, आणि बाटली भरून पाणी बराच वेळ वाहू द्यावे लागते. शिवाय पाण्यात सल्फाइट असेल, तर तो ह्या परीक्षेत घोटाळा करतो. यास्तव नमुना औषध मिसळण्यापूर्वीच्या जागेवरून घेतात. अत्यल्प प्राणवायूसाठी रंग बदलणाऱ्या द्रव्याच्या कुप्या मिळतात. अमेरिकन संशोधक लेलंड क्लार्क ह्याने रक्तातील प्राणवायू मोजण्यासाठी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या विद्युत्‌अग्राच्या तत्त्वावर चालणारी उपकरणे आज बॉयलरघरांतही अखंड नोंद ठेवतात. रोग्याच्या रक्तासाठी निघालेली युक्ती पोलादाच्या आरोग्यासाठी कामी यावी, हा शास्त्राच्या वाटचालीतला एक मनोरम योग होय.

एवढी उपकरणे उपलब्ध असताना कागदावरचा अंदाज निरुपयोगी ठरला काय? मुळीच नाही. उपकरणाने दाखविलेला आकडा खरा की खोटा, हे पारखण्यास अंदाजच उपयोगी पडतो. ९० अंशांच्या उघड्या टाकीतून घेतलेल्या नमुन्यात कोणाला सहा मिलिग्रॅम सापडले, तर नमुना घेताना हवा लागली असावी असा संशय घ्यावा. त्याच टाकीत शून्य सापडले, तर पाण्यात आधीच औषध पडले आहे किंवा उपकरण बिघडले आहे असे समजावे. मोजणीने अंदाज दुरुस्त करावा आणि अंदाजाने मोजणीवर पहारा ठेवावा, असे हे परस्परांचे नाते आहे.

बॉयलरची सरकारी तपासणी ठरावीक मुदतीने होते. आपल्या देशात त्यासाठी १९२३ चा कायदा होता व २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. पण निरीक्षकाला दिसतात ते पडून गेलेले खड्डे. ते पडू नयेत म्हणून रोज पाहावयाचे असते ते बॉयलरजवळ पाळीवर उभ्या असलेल्या माणसाने. टाकीचे तापमान किती, ताजे पाणी किती गेले, वरच्या झडपेतून वाफ निघते की नाही, आणि दाबमापक व उष्णतामापक ह्यांचा मेळ बसतो की नाही, एवढ्या चार गोष्टी दर पाळीला वहीत टिपल्या, तर प्राणवायूचा माग त्याला बराचसा लागतो. आधणाच्या भांड्यातले बुडबुडे पाहून जे घरातल्या कोणालाही कळते, तेच बॉयलरच्या बंद पोलादी भिंतीआड काय चालले असेल ह्याविषयी त्या वहीतल्या चार आकड्यांवरून कळते. मात्र ते आकडे रोज लिहिले गेले पाहिजेत, आणि लिहिलेले कोणीतरी वाचले पाहिजेत.